डब्यावरचा बैल

औरंगाबाद
६ एप्रिल १९७०

प्रिय चांद,

स. न. वि. वि. शहागंजातल्या आपल्या खोलीत आता मी एकटाच राहतो. तू विक्री सांभाळायला कन्नडला गेलास आणि इथे भांडायला माणूस उरला नाही. दोघे एकाच दिवशी कंपनीत लागलो, तुला सायकल मिळाली आणि मला पंखा, असं तू नेहमी म्हणायचास. पंखा अजून तोच आहे आणि तसाच कुरकुरतो.

आज कामासाठी लिहितोय. काल मालकांनी प्रचाराकडून मला आणि तुझ्या विक्रीखात्याचे प्रमुख काकासाहेब यांना एकत्र बोलावलं. काकासाहेब माझ्याकडे न बघता मालकांना सांगत होते, माल चांगला आहे, पण कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची कवटी बघून बायका तो घरात घेऊ देत नाहीत, प्रचारवाल्यांना एवढंही कळत नाही. मी म्हणालो, प्रचाराला पैसा कुठे आहे, तो सगळा विक्रीवाल्यांच्या जीपमध्ये आणि चहात जातो. मालक वैतागले. दोन बैल दोन दिशांना ओढतात, अशाने धंदा वाढायचा कसा, असं म्हणाले. आता दर सोमवारी दोन्ही खात्यांनी एका टेबलाशी बसायचं ठरलंय. दिवाळीला काकासाहेब निवृत्त होतील तेव्हा विक्री आणि प्रचार एकाच माणसाकडे देणार आहेत. तो माणूस मी असावा असं मला फार वाटतं. तुझ्यापासून काय लपवायचं?

तर यंदा डब्यावर कवटी मागे जाईल, बारीक. पुढे बैल येईल. कपाशीच्या फवारणीला बैल कशाला, असं विचारू नकोस. शेतकऱ्याचा जीव बैलात असतो आणि डबा घेणारा शेतकरीच असतो. तुझ्या भागातला एक देखणा बैल बघून ठेव. मी फोटोवाला पाठवतो.

तुझा
बद्रीनाथ


कन्नड
१४ एप्रिल १९७०

प्रिय बद्री,

सलाम. आम्ही गावोगाव चहा पितो हे खरं आहे. चहा पिता पिता काय करतो ते एकदा येऊन बघ. पंपात लाल रंगाचं पाणी भरतो, अंगात धुतलेला पांढरा सदरा घालतो आणि चावडीसमोर फवारून दाखवतो. सदरा लाल झाला की लोक आधी हसतात. मग मी सांगतो, आज हा नुसता रंग आहे, शेतात तुमच्या अंगावर एवढं विष येतं. तेव्हा हसू थांबतं. माझे किती सदरे त्यात गेले ते काकासाहेबांना विचार.

कवटीचं तुमचं तुम्ही ठरवलंय, मी कोण बोलणार? माझं मत विचारशील तर कपाशीच्या औषधावर कपाशी काढ. ज्याच्यावर मारायचं त्याचं चित्र, म्हणजे न वाचणाऱ्यालाही कळतं.

तरी तू मागितलास म्हणून बैल शोधला. पिशोरला सांडू म्हणून एक शेतकरी आहे, आपल्याहून चार-सहा वर्षांनी मोठा. त्याचा सर्जा हा बैल पांढराशुभ्र आहे. जन्मताच त्याची आई गेली, तेव्हा सांडूच्या बायकोने, द्वारकाबाईने, कण्या शिजवून त्याला वाढवलं. घरात मूलबाळ नाही, सगळी माया त्या सर्जावर आणि त्याच्या जोडीदारावर, राजावर. बैलाचा फोटो काढायचा म्हटल्यावर सांडूने स्वतः दाढी करून घेतली.

तुझा फोटोवाला काल येऊन गेला. सर्जा काही केल्या उभा राहीना. सांडूने वेसण धरली की गप्प, हात काढला की चुळबूळ. शेवटी हात धरलेलाच फोटो काढला. सांडू खूश आहे, डब्यावर आपला हात तरी येणार म्हणून.

तुझा
चांद


औरंगाबाद
१२ जून १९७०

प्रिय चांद,

चित्र असं काही उतरलंय की मालक स्वतःच्या खोलीत लावून बसलेत. नावही ठरलं, ‘सर्जा छाप’. काकासाहेबांनीसुद्धा पहिल्यांदाच माझ्या कामाला नाक मुरडलं नाही. सांडूचा हात मात्र पेंटरने पुसला. नुसताच एक हात लोंबकळताना बरा दिसेना. बैल आता एकटा आणि रुबाबदार दिसतो.

एक गोष्ट तुला आवडणार नाही, म्हणून मीच सांगतो. पोस्टर छापायला आणि पोळ्याच्या योजनेला पैसा लागला, तो जीपच्या खात्यातून घेतला. यंदा प्रात्यक्षिकं बंद. पोळा योजना अशी, की पोळ्याच्या सुमारास प्रत्येक डब्याला बैलाच्या कपाळावर बांधायचा एक रंगीत गोंडा बांधलेला मिळेल. सोमवारच्या बैठकीत दोन्ही खात्यांनी एकमताने हे ठरवलं. अशी एकी कंपनीत कधी झाली नव्हती, चांद. रागावू नकोस, तुझे सदरे वाचले असं समज.

पहिला डबा सांडूच्या घरी पोचता कर. त्याचा मानच आहे तो.

तुझा
बद्रीनाथ


कन्नड
१५ जुलै १९७०

प्रिय बद्री,

डबा सांडूला दिला. हात कुठे गेला म्हणून त्याने डबा फिरवून फिरवून बघितला. काही बोलला नाही. द्वारकाबाईने डब्यावरच्या सर्जाला कुंकू लावलं आणि डबा गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवला. गावातली माणसं बघायला येतात.

आता नीट वाच. डबा शेतात जायला हवा होता, तो गोठ्यात गेला. आणि हे एका सांडूचं नाही. पिशोरच्या बाजारात मला माणसं विचारतात, हे बैलाला कसं लावायचं, पाण्यात किती घालायचं? पावसाळ्याने जनावरांच्या अंगावर गोचीड झालेत, लोक त्यावर काहीतरी शोधतच असतात. पूर्वी कवटी बघून डबा घराबाहेर झाडाला टांगायचे. ती भीतीच आमचं अर्धं काम करत होती. तीही तुम्ही काढली आणि आमचं प्रात्यक्षिकही काढलं.

हे विष कातडीतून आत जातं हे तुला ठाऊक आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी इकडे घरोघर बैल धुतात, खांदे मळतात. त्याच दिवसांत तुम्ही डब्याला गोंडा बांधून देणार. गोंडा जिथे जाईल तिथे डबाही जाईल. मी काकासाहेबांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, चित्र हा प्रचाराचा विषय आहे, विक्रीने त्यात पडू नये.

म्हणून आता तुला सांगतो. तुला माझी शपथ आहे, पोळ्याच्या आत तो बैल डब्यावरून काढ. नाही जमलं तर कवटीची चिठ्ठी त्यावर चिकटव. तेही नाही जमलं तर निदान गोंडा थांबव.

तुझा
चांद


औरंगाबाद
२७ जुलै १९७०

प्रिय चांद,

तुझं पत्र मी सोमवारच्या बैठकीत मांडलं. सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकलं. पण शपथ वगैरे घालण्याइतकं काय झालंय? डब्याच्या मागे सूचना स्वच्छ छापल्या आहेत. गिऱ्हाईक दुकानात काय विचारतं आणि त्याला काय सांगायचं, हा विक्रीचा भाग आहे, तो काकासाहेबांकडूनच माझ्याकडे यायला हवा. मी परस्पर हात घातला तर ते उद्या मालकांकडे जातील.

माल किती जातोय हे तुला माहीत नाही असं कसं म्हणू, तूच तर विकतोस. कन्नडचा नंबर यंदा पहिला आहे. मालक तुझं नाव घेऊन बोलले. जरा आनंदी हो की.

तुझा
बद्रीनाथ


कन्नड
११ ऑगस्ट १९७०

बद्री,

काल काकासाहेब दौऱ्यावर आले होते. माझं पत्र बैठकीत मांडलं गेलं, तरी कोणी काहीच कसं केलं नाही, म्हणून मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, वाचलं ना, छान लिहितोस तू. द्वारकाबाई डब्याला कुंकू लावते, माणसं बघायला येतात, एवढं बद्रीनाथने वाचून दाखवलं. मालकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं काही वाचलं नाही.

मला फार लागलं. राग तर आहेच, पण लागलं जास्त. आपण एका ताटात जेवलोय, बद्री. माझ्या पत्रातलं कुंकू तेवढं घेतलंस आणि विष ठेवून दिलंस.

काकासाहेबांनी मला पोळा होईपर्यंत सिल्लोडकडच्या गावांत पाठवलंय. तिकडे माल उठत नाही म्हणून. जाण्याआधी सायकलवर जमेल तेवढी गावं फिरलो, तोंडाने सांगत. एका माणसाच्या तोंडाचं भिंतीवरच्या पोस्टरपुढे काय चालणार? तरी सांडूला मी घरी जाऊन सांगितलं, हे फक्त कपाशीला, बैलाला थेंबसुद्धा नको. तो म्हणाला, “चांदभाई, माझ्याच बैलाचं चित्तर डब्यावर, अन् तेच माझ्या बैलाला चालत नाय म्हंता. हे कसं काय?” मी नुसतं त्याचा हात धरून म्हटलं, माझं ऐक. तो म्हणाला, “बरं. तुमी म्हंता तर नाय लावत.”

सांडू शब्दाचा पक्का आहे, त्यामुळे त्या घराची काळजी मिटली. बाकीच्यांचं तू बघ. अजून दिवस आहेत.

चांद


औरंगाबाद
२४ ऑगस्ट १९७०

प्रिय चांद,

तू चिडला आहेस आणि तुझं चुकलं नाही. बैठकीत मला धीर झाला नाही. एका बाजूला काकासाहेब, समोर मालक, आणि माल तर धो धो जातोय. अशा वेळी आपल्याच चित्रात खोट आहे असं तोंडातून निघत नाही. दिवाळीनंतर दोन्ही खाती माझ्याकडे आली की पहिलं काम कवटी पुढे आणायचं करीन. एवढा हंगाम जाऊ दे.

तुझ्या पत्रातलं एक मात्र मनात राहिलं. हात पुसल्यावर सांडू काही बोलला नाही, असं तू लिहिलं होतंस. त्याला वाईट वाटलं असणार. म्हणून मी माझ्या हाताने एक भेट तयार करून काल एसटीने पिशोरला पाठवली. सगळ्यात मोठा गोंडा, नवा डबा, आणि वर कार्ड लिहिलं, ‘सर्जाला पोळ्याची भेट. कंपनीकडून, प्रेमाने.’ हे कुठल्या योजनेतलं नाही, माझ्या मनाचं आहे. आता तरी राग सोड. पोळा झाला की एक दिवस इकडे ये, खोलीवर तुझ्या आवडीची खिचडी करू.

तुझा
बद्रीनाथ


कन्नड
५ सप्टेंबर १९७०

बद्री,

तुझं पत्र मला पोळ्याच्या दिवशी मिळालं, सिल्लोडहून परत आल्यावर. वाचलं आणि तसाच सायकल घेऊन पिशोरला निघालो. गावात शिरताना हलगी ऐकू येत नव्हती, तेव्हाच समजलो.

सांडू गेला. सर्जा आणि राजा दोघे गेले. गावातली आणखी काही जनावरं गेली, पण माणूस एकच, सांडू.

द्वारकाबाईने सांगितलं तसं लिहितो, तू वाचावंस म्हणून. सगळं वाच, या वेळी अर्धं सोडू नकोस. तुझं पार्सल कंडक्टरने घरी आणून दिलं आणि कार्ड वाचून दाखवलं. सांडूने ते त्याला दोनदा वाचायला लावलं. खांदेमळणीच्या संध्याकाळी त्याने बादलीत डबा ओतला. द्वारकाबाईने माझी आठवण दिली, चांदभाई नको म्हणून गेलेत. त्यावर तो म्हणाला, “चांदभाई सायकलीवरचा माणूस. हे तर खुद्द कंपनीनं सर्जाच्या नावानं धाडलंय. कंपनीला ठाव नसंल का?”

उघड्या अंगाने, उघड्या हातांनी त्याने दोन्ही बैल चोळून चोळून धुतले. खुरांपासून शिंगांपर्यंत. एक गोचीड राहू दिला नाही. मग खांद्यांना हळद आणि तूप लावून, उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतण दिलं, आणि तिथेच त्याला मळमळायला लागलं. तेवढ्यात राजा गुडघ्यावर बसला. सर्जाच्या तोंडातून फेस यायला लागला, तरी सांडू त्याची मान मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं स्वतःचं अंग थरथरत होतं, घामाने भिजलं होतं, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झाल्या होत्या. कन्नडला न्यायला बैलगाडी जुंपायची तर घरचे बैल पडलेले. शेजाऱ्याची गाडी काढली. पण कन्नड यायच्या आधीच त्याचा श्वास थांबला.

मी पोचलो तेव्हा आवतणासाठी घातलेलं पुरण चुलीपाशी तसंच होतं. द्वारकाबाईने मला ओळखलं. म्हणाली, “तुमचं खरं व्हतं. पर त्यांचं तरी काय चुकलं?”

बद्री, मी त्याला एक सांगितलं आणि तू त्याला दुसरं सांगितलंस. आपण दोघे एकाच कंपनीचे. त्याने मोठ्या माणसाचं ऐकलं.

चांद


औरंगाबाद
११ सप्टेंबर १९७०

चांद,

मला झोप नाही, जेवण जात नाही. काय लिहू ते सुचत नाही. ते कार्ड लिहिताना मी खरंच आनंदात होतो रे. कोणाचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधी आलं असेल का, हे तूच सांग.

तरीही लिहावं लागतंय, कारण मला वरून सांगितलंय. काल मालकांनी तातडीने बैठक घेतली. काकासाहेब आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. एकाने एक वाक्य सांगावं आणि दुसऱ्याने ते पुरं करावं, असं चाललं होतं. कोणी कोणावर ढकललं नाही. कोणी चौकशीला आलं तर दाखवायचं निवेदन चहा निवायच्या आत तयार झालं. मालक म्हणाले, आज माझी दोन्ही खाती एका सुरात बोलली. मला ते ऐकवेना, पण मी मान हलवली.

निवेदनात एवढंच आहे. डब्यावर सूचना छापलेल्या होत्या, आणि कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने मयत शेतकऱ्याला घरी जाऊन स्पष्ट मनाई केली होती. त्याखाली तुझी सही हवी. यात खोटं काही नाही, तू खरंच सांगितलं होतंस. भेटीचा उल्लेख नाही. ते कार्ड द्वारकाबाईंकडे असेल, तेवढं माझ्याकडे पाठव. त्यावर माझं अक्षर आहे. काकासाहेबांना त्याचं माहीत नाही आणि मालकांनाही नाही.

तुझी सही आली तर कंपनी त्या बाईला बैलांची नवी जोडी देणार आहे. मालकांनी शब्द दिलाय. रब्बीची पेरणी तोंडावर आली आहे, त्या बाईचा विचार कर.

बद्रीनाथ


कन्नड
१९ सप्टेंबर १९७०

बद्री,

आपल्या इतक्या वर्षांत तू मला खोटं बोलायला कधी सांगितलं नाहीस. आताही खरंच बोलायला सांगतोयस. मी त्याला वाचवायला जे बोललो, तेच शब्द आता त्याच्यावर टाकायचे, की बघा, सांगितलं होतं तरी ऐकलं नाही.

मी सही करणार नव्हतो. पिशोरला जाऊन द्वारकाबाईला सगळं समजावून सांगितलं, सही म्हणजे काय, सहीने काय जाईल, काय मिळेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते परत येनार हाईत का सही न केल्यानं? रान पडीक ऱ्हायलं तर म्या कुनाच्या दारात जाऊ? करा सही, चांदभाई.” ती म्हणाली म्हणून केली. कागद सोबत आहे.

कार्ड माझ्याकडे आहे. तिने ते सर्जाच्या घुंगुरमाळेत अडकवून ठेवलं होतं, मागितल्यावर काढून दिलं. ते तुला पाठवीन, पण एका अटीवर. बैल डब्यावरून उतरव आणि कवटी होती तिथे पुढे, मोठी, आण. मला दुसरं काही नको. पुढच्या पोळ्याला कोणाच्या गोठ्यात हा डबा जाऊ नये, एवढं झालं तर सांडूला मी कुठल्या तरी तोंडाने आठवीन.

चांद


औरंगाबाद
६ ऑक्टोबर १९७०

प्रिय चांद,

सही पोचली. मालकांनी तुझं कौतुक केलं. काकासाहेब दिवाळीची वाट न बघता कालच मोकळे झाले आणि दोन्ही खाती माझ्याकडे आली. पेढे वाटताना तुझी आठवण आली, तू इथे असायला हवा होतास असं वाटलं. मग वाटलं, नव्हतास तेच बरं.

तुझी अट मान्य आहे. सर्जाला डब्यावरून उतरवलं. नाव तेच ठेवावं लागेल, ते आता लोकांच्या तोंडात बसलंय. कवटीचं सोमवारच्या बैठकीत घेतो. जोडी या महिन्यातच पिशोरला पोचेल. मी स्वतः बाजारातून निवडून घेतली आहे, दोन्ही पांढरे.

कार्ड आता पाठव.

तुझा
बद्रीनाथ


कन्नड
२२ ऑक्टोबर १९७०

बद्रीनाथ,

परवा जोडी आली. ट्रकमधून आधी बैल उतरले आणि मागोमाग फोटोवाला उतरला. एप्रिलमध्ये आला होता तोच. मला वाटलं, कंपनीला पोच दाखवायला एखादा फोटो हवा असेल. मी त्याला विचारलं, तर त्याने सरळ सांगितलं. सर्जाला उतरवलं ते हीच जोडी डब्यावर घ्यायची म्हणून. साहेबांनी बैल पांढरेच निवडले, कारण लोकांच्या डोळ्यांत पांढरा बसलाय. ‘कंपनी शेतकऱ्याच्या पाठीशी’ असं पोस्टरवर येणार आहे. आणि कवटी मागेच, होती तेवढीच.

तुझं अभिनंदन करायला हवं. सहा महिन्यांपूर्वी मालक म्हणत होते ना, दोन बैल दोन दिशांना ओढतात. आता ओढत नाहीत.

मी आज राजीनामा टाकला. कार्ड तुला पाठवणार नाही. अक्षर तुझं असलं तरी ते सर्जाच्या नावाने आलेलं आहे. द्वारकाबाईला परत दिलं, तिने ते पुन्हा घुंगुरमाळेत अडकवलं. तिला वाचता येत नाही आणि ती कोणाला दाखवणारही नाही, त्यामुळे तू घाबरू नकोस. मीही ते घेऊन कुठे जाणार? माझी सही तुमच्या कपाटात आहे.

फोटोचं सांगायचं राहिलं. नवे बैल परक्या दारात बुजले होते, उभे राहीनात. तेव्हा द्वारकाबाई पुढे झाली आणि तिने एकाची वेसण धरली. तसा तो गप्प झाला. फोटोवाला म्हणाला, बाई, हात काढा. ती काढीना. तो पुन्हा म्हणाला, हात आला तर चालत नाही. ती म्हणाली, “मागल्या बारीला त्यांचा हात पुसला तुमी. आता माझा ऱ्हाऊ द्या. नसंल जमत तर जोडी गाडीत घाला अन् घेऊन जा.”

ट्रक दारातच उभा होता. तरी ती हलली नाही. मी तिच्याकडे बघत होतो, तिला नांगराची किती गरज आहे हे मला माहीत होतं. शेवटी फोटोवाल्याने हातासकट फोटो काढला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, चिंता नको, औरंगाबादला गेल्यावर पेंटर पुसून टाकतो.

तो पेंटर आता तुझ्या हाताखाली आहे. फोटो तुझ्याच टेबलावर येईल आणि पुसायचा हुकूम तूच देशील. देण्याआधी एकदा नीट बघ. त्या मनगटात बांगडी नाही.

चांदपाशा